जिथे स्वेटरचं दुकान नाही

अकरा वर्षं मी त्यांचा रिलीव्हर होतो. म्हणजे त्यांची पाळी संपली की बॉयलर माझ्या हाती यायचा आणि त्यांना घरी जाता यायचं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचा कच्चा माल बनवणारा आमचा कारखाना, त्याच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड आणि शेडमध्ये तो बॉयलर. रोजची भेट दहा-पंधरा मिनिटांची. पण तेवढ्यात जे बोलणं झालं तेवढं माझं सख्ख्या भावाशीही झालेलं नाही. मी त्यांना काका म्हणायचो. नावाने त्यांना कुणीच हाक मारत नसे आणि इथेही मी ते लिहिणार नाही.

माणूस विक्षिप्त होता. बोईसरची थंडी ती केवढीशी! डिसेंबरात पहाटे जरा गारठा, दहा वाजता पुन्हा पंखा. पण काका दोन स्वेटर, माकडटोपी आणि वरून मफलर अशा थाटात पेटत्या बॉयलरसमोर बसलेले असायचे. मे महिन्यात एक स्वेटर कमी व्हायचा, ऋतूंचा फरक त्यांच्या लेखी एवढाच. आगीसमोर आयुष्य काढलं की अंगातला तापमापक बिघडतो, असं त्यांचं म्हणणं. "तुमाला जे गरम वाटतं ते आमाला कोमट," ते म्हणायचे. माझ्या लग्नात सगळे पाहुणे पंख्याखालची जागा शोधत होते आणि काका आचाऱ्याच्या भट्टीपाशी खुर्ची टाकून बसले होते. जेवले तिथेच. अक्षताही तिथूनच टाकल्या. त्या जिलेबीच्या कढईत पडल्या आणि आचारी माझ्या सासऱ्यांशी भांडायला आला.

दुसरी खोड स्क्रूड्रायव्हरची. वाफेच्या पाइपात आत काय चाललंय ते ऐकायला आमच्याकडे लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पाइपाला टेकवतात आणि मूठ कानाला लावतात. हे सगळेच करतात. पण काका तो खिशात घालून गावभर हिंडायचे. पाण्याचा पंप, पिठाची गिरणी, कुणाची मोटारसायकल, जे घरघरतं त्याला तो टेकवायचा आणि डोळे मिटायचे. एकदा आमच्या साहेबांच्या नव्याकोऱ्या गाडीला टेकवून म्हणाले, "साएब, हिचा पट्टा महिनाभर पन टिकनार नाय." साहेब भडकले. पुढे पट्टा तुटला तेव्हा साहेब मनोरच्या पुढे हायवेवर भर उन्हात उभे होते. काकांना त्याचा आनंद वगैरे झाला नाही. "मी सांगितला व्हता," एवढंच.

त्याच स्क्रूड्रायव्हरने ते काकूंची छाती ऐकायचे.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. बेटेगावच्या त्यांच्या घरी काकू पडवीत पाठमोऱ्या बसलेल्या, मागे काका उकिडवे, आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला त्यांना टोचू नये म्हणून चिंधी गुंडाळलेली. "वर साफ हाय. खाली पासिंग हाय," काकांनी निदान केलं. झडप नीट मिटत नसली आणि वाफ झिरपत असली की आम्ही 'पासिंग' म्हणतो. काकू मला म्हणाल्या, "भाऊ, तुमी तरी सांगा यांना. मी बायको हाय, पाइप नाय." तेवढ्या बोलण्यानेच त्यांना धाप लागली, मग खोकला. तो बराच वेळ चालला. काका मूठ कानाला तशीच धरून बसले होते. त्यांचा चेहरा पाहिला आणि माझं हसू गेलं.

काकूंची फुप्फुसं चुलीच्या धुराने गेली होती. डोंगराकडच्या माहेरी लहानपणापासून आणि लग्नानंतरची वीस वर्षं इथे. त्यात आमच्या भागात हिवाळ्यात हवा खाली बसते, वसाहतीचा धूर आणि वास दुपारपर्यंत हलत नाही. एका हिवाळ्यात काकू दोनदा दवाखान्यात जाऊन आल्या. पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "पुढच्या थंडीत यांना इथे ठेवू नका. अशी आणखी एक थंडी यांना झेपायची नाही. समुद्राकाठी, उबदार, मोकळ्या हवेत न्या." डॉक्टर दिवसाला चाळीस जणांना काहीबाही सांगत असतील. काकांनी मात्र ते बॉयलरच्या नियमासारखं घेतलं. पुढची थंडी यायच्या आत काकू इथून बाहेर पडल्या पाहिजेत, बस्स.

पण न्यायचं कुठे? मी म्हटलं, शिरगावला समुद्र आहे की. तर म्हणे, "तिकडं पहाटे दव पडतो. ती थंडीच." त्या सुमारास कारखान्यात पाइपाच्या कामाला केरळकडचा एक वेल्डर आला होता. कन्नूरजवळच्या समुद्राकाठच्या गावचा. काकांच्या दोन स्वेटरांकडे बघून तो हसत म्हणाला, "चाचा, हमारे गाँव में तो स्वेटर का दुकान ही नहीं है. कौन खरीदेगा?"

काका त्या दिवशी पाळी संपल्यावरही घरी गेले नाहीत. वेल्डरला चहा पाजून त्यांनी त्याच वाक्याची तीन-चार वेळा खात्री करून घेतली. एकही दुकान नाही? शहरातसुद्धा? जानेवारीतसुद्धा पंखा? मग मला म्हणाले, "ठरला. जिथं स्वेटरचा दुकान नाय तिथं हिला न्यायची." जन्मभर स्वेटरात राहिलेल्या माणसाला स्वर्ग याहून वेगळा कसा दिसणार?

काका निवृत्त झाले त्याच वर्षी. कारखान्याची सफाळ्याहून कामगारांना आणणारी जुनी मिनीबस भंगारात निघाली होती, ती त्यांनी घेतली. लॉजमध्ये राहणं काकूंना चालत नाही, आगगाडीत त्यांना खोकल्याची लाज वाटते, तेव्हा घरच चाकांवर न्यायचं असा त्यांचा बेत. कागदपत्रांसाठी एजंटाकडे खेटे घातले. बाकं काढून आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, भांड्यांसाठी फळी. काकूंच्या उशापाशी भंगारातल्या एका भांड्यावरचा तापमानाचा गोल डायल. त्या मिनीबसला काका गाडी म्हणत नसत, खोली म्हणत. "खोली हवा भरायला नेलीय." "खोलीचा ब्रेक धरत नाय." गावातले लोक येऊन बघत आणि गालात हसत. काकू त्या लोकांना चहा देत आणि आतून सगळं दाखवत. त्यांना खोलीचा अभिमान होता. असा संसार आपल्या गावात कुणाचाच नाही, असं त्या मला दोनदा म्हणाल्या.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

बॉयलरची उष्णता वाया जाऊ नये म्हणून पाइपांवर ग्लासवूल गुंडाळतात आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा, त्याला लॅगिंग म्हणतात. काचेच्या धाग्यांची ती पिवळी रजई असते. काकांनी खोलीला आतून तेच करायचं ठरवलं. छत, भिंती, पलंगाखाली, सगळीकडे. "बाहेर कायपन होऊ दे, आत तीस डिग्री," ते म्हणाले. त्याच वेळी कारखान्यात वार्षिक शटडाउन होता आणि पाइपांवरचं जुनं ग्लासवूल उतरवलेलं. नवं आणू या, असं मी म्हणालो नाही. काकांचं मत असं की जुनं सुकून मुरलेलं असतं, ते ऊब जास्त धरतं. मलाही ते पटलं. सहा पोत्यांचा गेटपास मी सही करून घेतला आणि ती पोती मीच बेटेगावला पोचवली.

ग्लासवूल अंगाला लागलं की खाज सुटते. बारीक, टोचरी, आतून आल्यासारखी. आमच्यातल्या प्रत्येकाला ती ठाऊक असते आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. घरी जाऊन थंड पाणी ओतायचं, खोबरेल लावायचं, विषय संपला. नवा माणूस तक्रार करायला लागला की त्याला 'नवरीबाई' म्हणतात. मलाही म्हणाले होते, पहिल्या आठवड्यात. त्यानंतर मी कधी तक्रार केली नाही. जे चामडीला टोचतं ते श्वासाबरोबर कुठे जात असेल, हा विचार त्या शेडमध्ये कुणी केलेला मला आठवत नाही.

दिवाळीत आम्ही खोली शिरगावला नेऊन आणली. सराव म्हणून. किल्ल्याच्या अलीकडे सुरूच्या झाडांखाली उभी केली. काकू दिवसभर बाहेर वाळूत खुर्चीवर बसून होत्या. त्यांनी स्वतः उठून पोहे केले, किल्ल्याच्या भिंतीपर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. त्या दिवशी त्या एकदाही खोकल्या नाहीत. काका स्क्रूड्रायव्हर लावून पुन्हा पुन्हा ऐकत होते आणि लहान पोरासारखे हसत होते. "खोली मानवली बघ तिला!" त्या दिवशी उकडत होतं, सगळ्या खिडक्या उघड्या होत्या आणि काकू खोलीत अर्धा तासही नव्हत्या. हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. पण आम्ही गुण दिला तो खोलीला.

काकूंना नोव्हेंबर बरा गेला. डिसेंबरात खोकला वाढला. बसचं इंजिन उघडून पडलं होतं, ते जुळायला महिना गेला. शेवटी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. मी आठ दिवसांची रजा टाकली होती, माझ्याकडे जुनं टेम्पोचं लायसन्स होतं. निघायच्या आदल्या दिवशी काकांनी वारा शिरायला नको म्हणून मागच्या सगळ्या खिडक्या सिलिकॉन भरून बंद केल्या.

काकूंनी नवी साडी नेसली होती. शेजारणीला सांगितलं, "तिकडून तुला काय आनू? स्वेटर तर भेटत नाय म्हनतात."

मनोरला हायवे लागला आणि घोडबंदरच्या खराब रस्त्यावर खोली धडधडायला लागली. पत्र्यांचे सांधे करकरत होते. मागून काकूंचा खोकला येत होता, पण तो तर रोजचाच. पनवेलच्या आसपास माझ्या मानेला आणि कोपरांना खाज सुटली.

मला ती लगेच ओळखू आली. इथे मला खोटं लिहायचं नाही. ओळखू आली, आणि मी मान वळवून मागे पाहिलं. पुढच्या काचेतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात बारीक चमचम तरंगत होती. काकू तोंडावर पदर धरून बसल्या होत्या. मी पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. काय सांगायचं होतं मी? वर्षभर स्वतःच्या हाताने केलेली खोली उचकटून टाका? आणि पोती तर मीच आणली होती. मनात म्हटलं, संध्याकाळपर्यंत बसेल धूळ. खाजवलंसुद्धा नाही, शेजारी बसलेल्या काकांना दिसू नये म्हणून.

माणगावपाशी एका पंपावर मुक्काम केला. सकाळी खरंच गारठा होता. डायल चोवीस दाखवत होता आणि काका अपराध्यासारखे झाले. काकूंचा खोकला आता थांबत नव्हता. "खिडकी उगडा वो," त्या म्हणाल्या. "जीव गुदमारतो."

"थंडी शिरंल गं. कन्नूर आला की सगल्या उगडू."

"जराशीच."

काकांनी स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं. मग उठले, दाराच्या फटीत जुना टॉवेल कोंबला आणि छताचा एक पत्रा हलत होता तो ठोकून बसवला. प्रत्येक ठोक्याला वरून काहीतरी भुरभुरत होतं. काकू खोकल्या की त्यांना वाटे गारवा लागतोय, म्हणून ते खोली आणखी बंद करायचे. कशेडी घाट चढेपर्यंत हेच चाललं. काकू दर थोड्या वेळाने खिडकीचं म्हणत होत्या, आवाज बारीक होत होता. खेडनंतर त्यांनी म्हणायचं सोडलं. मी गाडी चालवत होतो आणि ऐकत होतो.

चिपळूणला पोचलो तेव्हा त्यांचे ओठ काळे-निळे पडले होते. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. काकूंना आत घेतलं, नळी लावली, मग बाहेर येऊन विचारलं, "यांचे डोळे एवढे लाल कशाने? हातांवर हे पुरळ कसलं? कुठे होत्या?" काकांनी त्यांना अंगणात नेऊन खोली दाखवली. मोठ्या उमेदीने दाखवली, पलंग, टाकी, डायल. बाईंनी पत्र्यांच्या सांध्यावरून बोट फिरवलं आणि उन्हात धरलं.

"हे काय आहे?"

"ग्लासवूल. लॅगिंग केलाय," काका म्हणाले. "ऊब धरतो."

बाईंनी बोट रुमालाला पुसलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "काका, त्यांची फुप्फुसं आधीच थकलेली होती. त्यांचं काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही. पण बंद जागेत दोन दिवस ही पूड धडधाकट माणसालाही सोसवली नसती."

काकांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. मग खोलीकडे. मला वाटलं ते काहीतरी फोडतील, ओरडतील. ते खाली पायरीवर बसले आणि मला म्हणाले, "ती सांगत व्हती. दोन दिवस सांगत व्हती."

काकू तिसऱ्या दिवशी दुपारी गेल्या. शेवटपर्यंत तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, त्यामुळे बोलणं असं झालंच नाही. काका त्यांच्या पायापाशी बसून तळवे चोळत होते. अॅम्ब्युलन्समधून ते काकूंना घेऊन पुढे गेले आणि रिकामी बस मी परत आणली. निघण्यापूर्वी दवाखान्याच्या अंगणात ब्लेडने सगळ्या खिडक्यांचं सिलिकॉन कापलं. दीड तास लागला. फक्त दीड तास. हायवेवर वारा आरपार वाहत होता आणि मी मोठ्याने रडत होतो, एकटाच होतो म्हणून.

तेराव्यानंतर मी बेटेगावला गेलो. काका अंगणात बसून वालाच्या शेंगा सोलत होते. काकूंनी निघण्यापूर्वी वाल पेरला होता, तो आता तयार झाला होता. मला बसायला सांगितलं, माझ्यापुढेही शेंगांचा ढीग सरकवला. आम्ही दोघं सोलत राहिलो. कारखान्याचं विचारलं, नवा बॉयलर येणार होता त्याचं विचारलं. मग खाली बघतच म्हणाले, "एक इचारू?"

"विचारा ना, काका."

"परवासात तुला खाज सुटली व्हती का रे?"

मला उत्तर माहीत होतं. त्यांचा आवाज अगदी साधा होता, त्यात दोष देण्याचा सूर नव्हता. तरी मी घाबरलो. सहा पोती, गेटपास, पनवेलचं ते ऊन, सगळं एकदम आठवलं.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. हातातली शेंग सोलून झाल्यावर म्हणाले, "मला सुटली व्हती. ठान्याच्या पुडंच. मला वाटला, तुला पन सुटली आसंल तर तू बोलशील. तू गप व्हतास, म्हनून मी समजलो आपलाच भास हाय." मग टरफलं बाजूला सारत, "म्हंजे एकट्या मलाच कललेला."

त्यांनी पुढची शेंग उचलली. तेव्हाही बोलता आलं असतं. हो काका, मलाही सुटली होती, मलाही कळलं होतं, पोती मी आणली, गप्प मी बसलो. दोन वाक्यं. त्यांना नेमकी तीच हवी होती, हे मला आता समजतं. त्यांना मला दोषी धरायचं नव्हतं, त्यांना त्या खोलीत आपल्याबरोबर आणखी कुणीतरी होतं एवढंच ऐकायचं होतं. मी उरलेल्या शेंगा सोलल्या, चहा प्यालो आणि निघालो. निघताना त्यांनी मला पिशवीभर वाल दिला. तो मी घरी नेला आणि बायकोने त्याची उसळ केली, ती मी खाल्लीसुद्धा.

काका आहेत अजून. बोईसरच्या बाजारात कुणाकुणाला दिसतात, आता ऐकू कमी येतं म्हणे. आमच्या कारखान्यातले जुने लोक त्यांच्याबद्दल सांगतात तेव्हा हळहळतात आणि म्हणतात, बिचाऱ्याने स्वतःच्या हाताने बायको घालवली. मी तिथेच उभा असतो. मी काही बोलत नाही. बेटेगाव माझ्या घरापासून स्कूटरने पंधरा मिनिटांवर आहे. दोन वर्षं झाली, मी गेलेलो नाही.